जमीन गोठायच्या आत: उत्तर ओंटारिओत एकट्याने सॉ मिलची शेड उभारताना

नाशिक, निफाड, दिंडोरी, सिन्नरकडून कॅनडातल्या थंडर बे आणि त्याच्या आसपास येऊन जमीन घेणाऱ्या आपल्या माणसांसाठी हे लिहितो आहे. पट्टा-करवतीची छोटी सॉ मिल (ओंडक्यांच्या फळ्या कापायचं यंत्र) घ्यायची, स्वतःच्या जागेतली स्प्रूस आणि जॅक पाइन ही सूचिपर्णी झाडं कापून विकायची आणि पहिल्याच हिवाळ्यात मिलवर शेड टाकायची, हा बेत बरेच जण नाशकात बसूनच पक्का करून येतात. बेत चांगला आहे. पण नाशकात शेड बांधताना आपल्या डोक्यात वारा आणि पाऊस असतो. इथे शेड पडते ती दोन वेगळ्याच कारणांनी: छपरावर साचलेल्या बर्फाच्या वजनाने, नाहीतर खालून फुगून वर आलेल्या जमिनीने. अंगाला लागणाऱ्या थंडीची तयारी सगळेच करतात. या दोन गोष्टींची करत नाहीत.

निफाडचा पारा चार-पाच अंशांवर आला की द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटतात. थंडर बेला जानेवारीत रात्री उणे २० ते २५ नेहमीचंच, आणि उणे ३० ला कुणाला नवल वाटत नाही. त्याहून जास्त अडचण उजेडाची होते. डिसेंबरच्या शेवटी इथला दिवस जेमतेम सव्वाआठ तासांचा असतो. नाशकात तेव्हा जवळपास अकरा तास मिळतात. सकाळी अवजारं गरम करणं, बर्फ काढणं, अधूनमधून शेकायला आत जाणं वगळलं तर एकट्या माणसाच्या हाती कामाचे चार-पाच तास उरतात. नाशकात जे काम आठवड्यात होतं त्याला इथे तीन आठवडे धरा.

म्हणून हिशोब सणांवर बसवा: दसऱ्याच्या आत पाया, दिवाळीपर्यंत खांब आणि तुळया, पहिल्या मोठ्या बर्फाआधी निदान वासे आणि पत्रा. भिंती संक्रांतीला झाल्या तरी चालतं. उशिरा आलात आणि नोव्हेंबर उलटला असेल तर यंदा पाया खणायचा हट्ट सोडा. मिल ताडपत्रीखाली चालवा, तुळया-फळ्या कापून ठेवा आणि शेड पुढच्या सप्टेंबरात सुरू करा.

आधी कागद. गाव नगरपालिकेच्या हद्दीत असेल तर या आकाराच्या शेडला बिल्डिंग परमिट लागतं. परमिट काढतानाच एक प्रश्न स्पष्ट विचारा: स्वतः कापलेलं, ग्रेडचा म्हणजे प्रतवारीचा शिक्का नसलेलं लाकूड खांब-तुळयांना चालेल का? बऱ्याच ठिकाणी वजन पेलणाऱ्या भागांना शिक्क्याचंच लाकूड मागतात, आणि हे उभारल्यावर कळलं तर सगळं उतरवावं लागतं. सरकारी जंगलातलं झाड परवान्याशिवाय तोडता येत नाही, पडलेलं असलं तरी आधी विचारा.

आता माप. एकट्याने होण्यासारखी आणि कामाला पुरणारी शेड म्हणजे २८ फूट लांब, १४ फूट रुंद, एकपाखी म्हणजे एकाच बाजूला उताराची. पुढची बाजू १२ फूट उंच, मागची ७. चौदा फुटांत पाच फूट उतार पडतो, तो पत्र्याला पुरेसा आहे. दोनपाखी छपराला कैच्या (त्रिकोणी सांगाडे) लागतात आणि कैची एकट्याने चढवणं धोक्याचं आहे; एकपाखीत प्रत्येक वासा सुटा चढतो. पुढच्या बाजूला तीन खांब, १४-१४ फुटांवर. मागे पाच, सात-सात फुटांवर. पुढच्या दोन मोकळ्या गाळ्यांतून बारा फुटी ओंडका आडवा लोटून मिलवर घेता येतो. सोळा फुटी ओंडके कापायचे असतील तर मधला खांब काढावा लागेल, आणि मग त्या लांब तुळईचं माप इंजिनिअरकडूनच काढून घ्यावं. तिथे अंदाज चालत नाही.

तोंड दक्षिणेला किंवा आग्नेयेला ठेवा. हिवाळ्यातला बोचरा वारा बहुतेक वायव्येकडून येतो. तो बुटक्या, बंद पाठीवर आदळू द्या. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून १८ अंशच वर असतो, त्यामुळे दक्षिणेचं ऊन शेडच्या पार आत, मिलच्या पट्ट्यापर्यंत पोहोचतं. बर्फ मागे घसरतो, तिथे दहा फूट जागा मोकळी सोडा. फळ्यांची थप्पी मागच्या भिंतीला लावू नका, एप्रिलपर्यंत दिसायची नाही.

पायावर सर्वांत जास्त वेळ द्या. या भागात जमीन दोन मीटरहून खोल गोठते असं धरून पाया काढतात. मातीतलं पाणी गोठताना खालचं पाणीही वर ओढून घेतं, मातीत बर्फाचे थर साचतात आणि वरचं सगळं उचललं जातं. गाळवट आणि चिकण मातीत हे जास्त, स्वच्छ खडीत फार कमी. नाशकातल्या काळ्या जमिनीत उन्हाळ्याच्या भेगा आणि पावसाळ्याची फुगवट ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा प्रकार लवकर उमजेल. फरक इतकाच की इथली जमीन बाजूनेही खांबाला धरते: गोठलेली माती काँक्रीटच्या खडबडीत अंगाला चिकटते आणि वर येताना त्यालाही घेऊन येते. म्हणून काँक्रीटचा खांब ओतायचाच असेल तर तळ रुंद, वरचा भाग गुळगुळीत कागदी नळीत आणि बाहेरून प्लॅस्टिकचं वेष्टन.

माझं मत विचाराल तर एकट्या माणसाने स्क्रू पाइल घ्यावेत. लोखंडी नळीला खाली पातं असतं, मशीनने ती गोठणीच्या रेषेखाली पिळून घालतात. आठ खांबांना आठ पाइल, ठेकेदार साधारण दिवसभरात उरकतो, वाळायची वाट बघणं नाही. पैसे जास्त जातात, पण दोन मीटर खोल आठ खड्डे एकट्याने खणण्यात अख्खा ऑक्टोबर जातो. ठेकेदाराची तारीख ऑगस्टमध्येच धरून ठेवा.

काँक्रीट ओतणार असाल तर नाशिकची एक सवय इथे विसरा: पाणी मारायचं नाही. ताज्या काँक्रीटने ३.५ मेगापास्कलची ताकद धरण्याआधी त्यात पाणी गोठलं तर ते कायमचं भुसभुशीत राहतं. हवा ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर गरम पाण्याने माल कालवा, ओतल्यावर वर उबदार गोधडीसारखी इन्सुलेटेड ताडपत्री घाला आणि निदान तीन दिवस आतलं तापमान १० अंशांवर ठेवा. गोठलेल्या मातीवर तर ओतूच नका; वसंतात ती विरघळली की खांब खचतो. खड्डे उशिरा खणायचे असतील तर ऑक्टोबरातच त्या जागांवर फूट-दीड फूट पेंढा आणि वर ताडपत्री टाकून ठेवा. त्याखालची माती डिसेंबरातही पहार घेते.

मिलचा पाया मात्र शेडपासून वेगळा. मिल शेडच्या खांबांना किंवा तळपट्ट्यांना कधीही बांधू नका. तिच्यासाठी फूटभर खडी दाबून बसवा, त्यावर ८×८ इंची दोन जाड ओंडके आणि त्यांवर मिलच्या पायांचे स्क्रू जॅक. करवत ज्यावरून सरकते तो मिलचा रूळ एका कोपऱ्यात जरासा उचलला गेला तरी फळी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ निघते, आणि लोक दोष पात्याला देतात. दर पंधरा दिवसांनी रुळाला दोरी लावून आणि लेव्हल ठेवून बघा.

खांब ६×६. ताज्या कापलेल्या स्प्रूसचा बारा फुटी खांब पन्नास किलोच्या वर जातो, म्हणून एकट्याने उभा करताना त्याचं बूड आधी पाइलच्या लोखंडी खुराला अडवा, मग वरचं टोक उचला आणि लगेच दोन दिशांना २×४ चे तिरके टेकू ठोका. द्राक्षाच्या मांडवाच्या कडेच्या खांबाला बाहेरून ताण देतात तोच विचार इथे. ओळंबा दोन्ही बाजूंनी लागल्याशिवाय पुढच्या खांबाला हात लावू नका, आणि छपरावर पत्रा पक्का होईपर्यंत एकही टेकू काढू नका. खांब जमिनीत गाडायची वेळ आलीच तर टॅमरॅक किंवा सीडर या झाडांचं लाकूड वापरा. जुन्या नाशकातल्या वाड्यांचे सागवानी खांब पिढ्यान् पिढ्या टिकले. स्प्रूस मातीत काही वर्षांतच कुजतो.

पुढची तुळई तीन २×१२ एकत्र जोडून करतात. अखंड चढवायला जाऊ नका. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर खाच पाडा, तिच्याखाली ठोकळा ठोका आणि एकेक फळी आधी एका टोकाने, मग दुसऱ्या टोकाने चढवत न्या. तिन्ही वर गेल्यावर बोल्टने आवळा. वजन खाचेवर बसलं पाहिजे. नुसत्या बोल्टवर टांगलेली तुळई बर्फाखाली लाकूड चिरत खाली येते. पुढच्या खांबांना ४५ अंशांत तीन फुटी तिरके आधार द्या, कारण ती बाजू उघडी आहे.

आणि हे वजन किती? थंडर बेला जमिनीवरच्या बर्फाचा भार २.९ किलोपास्कल धरतात, म्हणजे चौरस मीटरला जवळपास ३०० किलो. छपरासाठी त्यातला काही हिस्सा धरतात, तरी ३६ चौरस मीटरच्या शेडवर तो कित्येक टनांत जातो. आपल्याकडच्या पत्र्याच्या शेडला असलं काही पेलावं लागत नाही, म्हणून अंबड-सातपूरला पाहिलेली अँगलची बारीक रचना इथे नकलू नका. वासे २×१०, सोळा इंचांवर, अठरा फुटी; २८ फुटांना असे बावीस लागतात. दुकानातला २×१० प्रत्यक्षात दीड बाय सव्वानऊ इंच भरतो, हेही मोजताना ध्यानात ठेवा. आपल्या गावाचा भार घेऊन बिल्डिंग कोडच्या स्पॅन टेबलवर (किती अंतराला किती जाड लाकूड, याचा तक्ता) आकार ताडून बघा, शेजाऱ्याने सांगितलं म्हणून २×८ वर येऊ नका. प्रत्येक वासा दोन्ही टोकांना लोखंडी पट्टीने तुळईला बांधा. उघड्या तोंडातून शिरलेला वारा छप्पर खालून उचलतो.

पत्र्याखाली २×४ च्या आडव्या पट्ट्या दोन-दोन फुटांवर. सकाळी पत्र्यावर दव गोठलेलं असतं, डोळ्यांना दिसतही नाही. त्यावर पाय ठेवू नका. खालून परांचीवर उभं राहून, पट्ट्यांच्या मधून वर येऊन जमतील तितके स्क्रू मारा, उरलेल्यांसाठी कोरडी दुपार आणि कमरेला दोर. गोठलेलं लाकूड खिळ्याने चिरतं, टोकाजवळ आधी गिरमिटाने भोक पाडा.

लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करू नका, ती कायमची बिघडते. घरात चार्ज करा आणि कामावर कोटाच्या आत ठेवा. चेनसॉला हिवाळी तेल आणि विंटर शटर (थंडीत लावायची झडप). मिलच्या पात्यावर साधं पाणी सोडलं तर ते नळीतच गोठतं, त्याऐवजी गाडीची काच धुवायचं, उणे ४० पर्यंत न गोठणारं पाणी वापरतात. गोठलेला ओंडका कापायला दहा अंश कललेल्या दातांऐवजी चार किंवा सात अंशांच्या दातांचं पातं घ्या, नाहीतर पातं लाटेसारखं चालतं. कापल्या कापल्या फळीवरचा भुसा झाडून टाका. थप्पीत गोठला तर मार्चपर्यंत सुटत नाही. ओंडके खाली दोन आडवे वासे ठेवूनच रचा. हिवाळ्याचा एक फायदा मात्र मोठा आहे: बर्फावरून ओढत आणलेल्या ओंडक्याला माती लागत नाही आणि पात्याची धार खूप जास्त टिकते.

सुती बनियन घालू नका, घाम धरून ठेवतं. आत लोकर, मध्ये उबदार थर, वर वारा अडवणारं. घाम येऊ लागला की काम हळू करा. उणे २५ ला ताशी २० किलोमीटरचा वारा असेल तर अंगाला उणे ३७ लागतं, आणि त्यात उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. नाकाचा शेंडा किंवा कानाची पाळी पांढरी, बधिर झाली तर चोळू नका, आत जाऊन हाताच्या उबेने गरम करा. ताडपत्रीने चहूबाजूंनी बंद केलेल्या जागेत गॅसचा हीटर किंवा जनरेटर लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एकटे असाल त्या दिवशी कुणाला तरी सांगून ठेवा की अमुक वाजता फोन करीन, नाही केला तर बघायला या. फोन आतल्या खिशात, बाहेरच्या खिशात त्याची बॅटरी थंडीने बसते. कारला ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा हीटर) आहे ना, आणि तुमच्या रस्त्यावरचा बर्फ काढायला कोण येणार, हे नोव्हेंबरातच ठरवा.

छपरावर फूटभरापेक्षा जास्त बर्फ साचला की जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या फावड्याने, एका बाजूलाच न ओढता सगळीकडून थोडा थोडा उतरवा. एप्रिल-मे मध्ये जमीन विरघळली की खांब पुन्हा ओळंब्यात बघा, सुकून आकसलेल्या लाकडातले सगळे नट आवळा आणि मिलचे जॅक पहिल्यापासून लेव्हलला आणा.