कराडात बसून तारली घ्यायची तर

आमच्या कराडला तारली येते रत्नागिरी-चिपळूणकडून, कुंभार्ली घाट चढून. जाळ्यातून निघून माझ्या पाटीत पडेपर्यंत रात्र उलटलेली असते. म्हणून खानावळवाल्यांना माझं सांगणं एकच: भाव मागून विचारा, आधी जाळं आणि बर्फ विचारा.

तारली थव्यानं फिरते. पर्ससीनवाले अख्ख्या थव्याला जाळ्याचा वेढा घालतात आणि खालच्या कड्यांतला दोर खेचतात. बटव्याची नाडी ओढावी तसा तळ मिटतो. माल ढिगानं येतो, पण तळाचा मासा वरच्यांच्या भारानं चेपतो. गिलनेटमध्ये एकेक मासा अडकतो. त्याच्या कल्ल्यापाशी दोऱ्याचा वळ दिसेल, पण पोट बहुधा शाबूत.

पोटच बघायचं. मासा आडवा धरा, पोटावर अंगठा हलकेच दाबा. खळगा भरून आला तर घ्या. बोट रुतलं, कडेनं पिवळट पाणी सुटलं, बरगड्यांचे काटे बाहेर डोकावले, की पाटी सोडा. भरपूर खाल्लेल्या तारलीचं पोट आतल्या पाचकरसानंच फुटतं, त्यात बर्फ उशिरा पडला तर विचारूच नका. खवले गळलेत म्हणून मात्र नाक मुरडू नका. तारलीचे खवले हात लागला तरी सुटतात.

बर्फ चुऱ्याचा हवा, माशाइतकाच, एक थर मासा एक थर बर्फ. पेटीला खाली भोक ठेवा, वितळलेल्या पाण्यात मासा पोहता कामा नये. यात हयगय केली तर तारलीत हिस्टामाइन वाढतं. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते. आणि ते शिजवून, तळून जात नाही, मसाला कितीही झणझणीत घाला.

1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते. तेव्हा कुणी "कालच्याच ट्रॉलरची" म्हणालं तर हसून पुढं व्हा. पर्ससीनला राज्याच्या हद्दीत सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा. पावसाळ्यानंतरची तारली तेलानं भरलेली असते, तव्यावर तेल जपून सोडा.

उरलेली फ्रीजरमध्ये कोंबायची सवय असेल तर तारली बेतानंच घ्या. तिचं तेल तिथंही खवटतं. साठवणीला सुकी मांदेली बरी.