जोडीची कवायत बसवताय? या चुका टाळा

15 ऑगस्टला काहीतरी ‘दिसणारं’ हवं, असं शाळेत ठरतं आणि आपण थेट मनोऱ्यांचे फोटो शोधायला बसतो. तिथंच घोळ सुरू होतो. दहीहंडीच्या थरांवर 14 वर्षांखालच्या मुलांना चढवायला मनाई आहे. मग चौथीतल्या पोरीला शाळेच्या पटांगणात तिसऱ्या थरावर उभं करायची हौस कशाला? प्राथमिकला दोघांची कवायत पुरते. सुरुवातीचा पवित्रा, एक तोल (दोघांनी मिळून स्थिर धरलेली स्थिती), लोळण किंवा कोलांटउडी, दुसरा तोल आणि शेवट. हे 5 टप्पे स्वच्छ झाले तरी बघणारे खूश होतात.

ओढाओढी

कोल्हापुरात ही अडचण हमखास येते. पेठापेठांत तालमी, त्यामुळं हातात हात आला की समोरच्याचा तोल घालवायचा, हे पोरांच्या अंगात भिनलेलं. इथं नेमकं उलटं करायचंय. समोरासमोर उभं राहून पायाची बोटं जवळ आणायची, एकमेकांची मनगटं धरायची (नुसती बोटं धरली की घामानं सुटतात), हात सरळ ठेवून दोघांनी सावकाश मागं रेलायचं. बिघडतं ते बहुतेक वेळा भीतीनं. कोपरं वाकतात, मूल खुर्चीत बसल्यासारखं कुल्ले मागं टाकतं आणि जोडीदार पुढं खेचला जातो. “अजून रेल” म्हणून ओरडू नका. आधी थोडंसंच रेलू द्या, अंग डोक्यापासून टाचेपर्यंत ताठ राहिलं की मगच पुढं. एक जड, एक हलका असेल तर हलक्यानं जास्त रेलायचं, जड्यानं कमी. मुलांना हे सांगून पटत नाही. दोन-तीनदा करून बघितलं की लगेच कळतं. पण वजनात फारच फरक असेल तर जोडीच बदला. हजेरीपटाच्या क्रमानं जोड्या लावायची सवय सोडाच.

पाठीवर पाय

एकजण घोडा होतो, दुसरा त्याच्यावर तोल धरतो, तेव्हा भार कुठं येतो हे आधी बघा. हात खांद्यांच्या बरोबर खाली, गुडघे कमरेच्या खाली, आणि वरच्याचा भार खांद्यांवर नाहीतर कुल्ल्यांवर. पाठीच्या मध्यावर आणि मानेवर कधीच नाही. लहान वर्गांत वरच्याचा एक पाय जमिनीवरच राहू द्या. चढण्याआधी खालच्यानं “हो” म्हणायचं, आणि कुणीही “सोड” म्हटलं की थांबायचं. उतरताना उडी नाही. पडझड बहुधा उतरतानाच होते, आणि सरावात तेवढंच शिकवायचं राहून जातं.

तोल छान, मधे गोंधळ

माझ्या मते खरी चूक ही. तोल पाठ होतात, पण एका तोलातून दुसऱ्यात जायचं कसं हे कुणी बसवलेलंच नसतं. मग मुलं उठतात, चड्डी सावरतात, एकमेकांना “आता तू इकडं” सांगतात. साखळी तुटली की उरतात नुसते फोटो. म्हणून दोन तोलांमधले सांधे वेगळे बसवा. रेललेल्या स्थितीतून दोघं एकदम खाली बसतात, पाठीला पाठ लावून वळतात, लोळण घेऊन लांब जातात. पुन्हा जवळ यायला किती पावलं लागतात, तीही मोजा. प्रत्येक तोल 3 सेकंद धरायचा. पोरं “एकदोनतीन” एका दमात म्हणून मोकळी होतात, म्हणून सुरुवातीला मोजणी तुम्हीच करा. गाणं अगदी शेवटी लावा. हलगी वाजवणारा कुणी मिळाला तर उत्तमच, कारण मुलांसाठी तो लय कमी करतो. रेकॉर्ड थांबत नाही.

फरशी

पावसामुळं सराव व्हरांड्यात येतो. गुळगुळीत फरशीवर सतरंजी सरकते आणि ती गादीचं काम करत नाही. गाद्या नसतील तर कोलांटउडी वगळा, आडवी लोळण ठेवा. मोजे काढून अनवाणी. पैंजण, कडी, गळ्यातले दोरेसुद्धा काढून ठेवायचे.

पावसाळ्यात रोज कुणीतरी तापानं घरी असतंच. प्रत्येक मुलाला दोन्ही भूमिका शिकवलेल्या असल्या की एकट्या राहिलेल्याला त्याच उंची-वजनाच्या दुसऱ्या मुलाबरोबर उभं करता येतं. तरीही आकडा विषम आला तर एखादी जोडी तिघांची करा, तिसरा बाजूनं पवित्रा धरेल.