अकरावीला आयबी घेताय? मग त्यातून काय काढून घ्यायचं ते आधी ठरवा

दहावीचा निकाल लागला की बडोद्यातल्या दांडिया बाजारात माझ्या ट्यूशनच्या खोलीवर पालकांच्या फेऱ्या सुरू होतात. मी फिजिक्स शिकवते, गुजरात बोर्डाच्या मुलांना आणि आयबीच्याही (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे अकरावी-बारावीचा आंतरराष्ट्रीय डिप्लोमा). "ताई, आयबी चांगलं का हो?" याला माझ्याकडे उत्तर नसतं. बारावीनंतर पोरगं कुठे जाणार ते सांगा, मग बोलू.

मेडिकलची 'नीट' परीक्षा हेच ध्येय असेल तर आयबीच्या नादी लागू नका. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हे तिन्ही विषय डिप्लोमाच्या नेहमीच्या चौकटीत बसतच नाहीत, खास परवानगी काढावी लागते. जेईईला विषय बसतात, पण वेळ बसत नाही. बाहेरदेशी शिकायचं असेल, किंवा इथेच इकॉनॉमिक्स, डिझाइन, संशोधन अशा वाटेने जायचं असेल, तर मात्र या दोन वर्षांचं सोनं करता येतं.

रचना थोडक्यात अशी. सहा विषय, प्रत्येकी 7 गुण. त्यातले किमान तीन हायर लेव्हलला, म्हणजे जास्त खोलात, बाकीचे स्टँडर्डला. ज्ञानमीमांसा, म्हणजे टीओके, आणि मोठा निबंध मिळून आणखी 3. एकूण 45. डिप्लोमा हातात पडायला किमान 24 लागतात, शिवाय इतर काही अटी आहेत.

विषय निवडताना उलटीकडून या: हव्या त्या विद्यापीठाचं प्रवेशाचं पान उघडा आणि हायर लेव्हलला काय मागतात ते लिहून घ्या. इंजिनिअरिंगला बहुतेक ठिकाणी फिजिक्स आणि गणित, तेही आयबीच्या गणिताच्या दोन प्रकारांपैकी 'अॅनालिसिस अँड अप्रोचेस' हेच. दुसरा प्रकार, 'अॅप्लिकेशन्स', सोपं म्हणून घेणारी मुलं पुढे अडकतात. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं हायर लेव्हलच्या 6-7 ला पहिल्या वर्षाची क्रेडिट देतात. फीचा आकडा पाहिलेल्या बापाला हा फायदा वेगळा समजावावा लागत नाही.

पण मला विचाराल तर खरा लाभ मोठ्या निबंधात आहे, एक्स्टेंडेड एसेमध्ये. चार हजार शब्दांची मर्यादा, प्रश्न स्वतःचा, शिक्षक फक्त मार्गदर्शक. सतराव्या वर्षी हे केलेलं मूल कॉलेजात पहिला रिपोर्ट लिहिताना गडबडत नाही. आणि विषयांसाठी बडोद्यासारखं गाव नाही! फक्त प्रश्न बारीक करायला शिका. 'विश्वामित्रीचं प्रदूषण' हा प्रश्न नव्हे, तो भाषणाचा विषय. शहरात शिरण्याआधी आणि शहर ओलांडल्यावर नदीच्या पाण्यातल्या विरघळलेल्या ऑक्सिजनमध्ये किती फरक पडतो, हा प्रश्न झाला. (नमुना पुलावरूनच घ्या, दोरीला बाटली बांधून. काठावर मगरी आहेत, आणि त्यांना तुमच्या ग्रेडशी देणंघेणं नाही.) इतिहासवाल्यांनी 'सयाजीरावांचं शिक्षणकार्य' असं लिहून पाठवू नये. 1906 साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होई. त्या सक्तीनंतर एखाद्या तालुक्यात मुलींची हजेरी किती वाढली, एवढंच धरा. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत आणि युनिव्हर्सिटीच्या हंसा मेहता लायब्ररीत जाऊन बसा. चित्रकलेची मुलं कीर्तिमंदिरातल्या नंदलाल बोसांच्या भित्तिचित्रांवर लिहू शकतात. अकरावीच्या उन्हाळ्यात कच्चा खर्डा तयार हवा, कारण बारावीत प्रत्येक विषयाचं अंतर्गत मूल्यमापन एकदम अंगावर येतं.

आपल्या मराठी घरांना लागू असलेली एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. शाळेत शिक्षक नसला तरी मातृभाषेतलं साहित्य स्टँडर्ड लेव्हलला स्वतः अभ्यासण्याची सोय आयबीत आहे. मराठीसाठी ती मिळेल का, हे शाळेच्या आयबी समन्वयकाला प्रवेशाआधीच विचारा, लेखी. इंग्रजी आणि मराठी दोन्ही साहित्य म्हणून घेऊन दोन्हींत किमान 3 मिळाले, आणि डिप्लोमाच्या बाकी अटी पुऱ्या झाल्या, तर द्विभाषिक डिप्लोमा मिळतो. घरात आजी मराठी मासिकं वाचणारी असेल तर तिला कामाला लावा. शाळेत गुजराती, घरी मराठी, परीक्षेत इंग्रजी अशी ओढाताण झालेल्या मुलांना याचा फार आधार वाटतो, हे मी पाहिलं आहे.

सीएएसला, म्हणजे क्रिएटिव्हिटी, अॅक्टिव्हिटी, सर्व्हिस या अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांना, गुण नाहीत, पण त्यांच्याशिवाय डिप्लोमाही नाही. नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळलो म्हणजे झालं, असं समजू नका. काय ठरवलं, काय केलं, काय शिकलो याची नोंद लागते. वस्तीतल्या मुलांना वर्षभर गणित शिकवा, गणेशोत्सवात मूर्ती विसर्जनाचं नियोजन हाती घ्या. नोंदी दर आठवड्याला लिहा, शेवटी बसून बनवलेल्या नोंदी लगेच ओळखू येतात.

आता तारखा. मेच्या परीक्षेचा निकाल जुलैच्या सुरुवातीला येतो, तोवर इथल्या कॉलेजांचे फॉर्म बरेच पुढे सरकलेले असतात. म्हणून शाळेकडून प्रेडिक्टेड ग्रेडचं, म्हणजे अपेक्षित गुणांचं, पत्र वेळेत घ्या आणि असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजच्या समकक्षता प्रमाणपत्राची (आयबी बारावीच्या बरोबरीचं असल्याच्या दाखल्याची) गरज कुठे आहे ते आधी विचारून ठेवा. फीबद्दल बोलताना परीक्षा शुल्क धरलंय की वेगळं, हेही विचारा. बहुतेक ठिकाणी ते वेगळंच असतं.