छोट्या ड्रिल बिटला धार लावताना या चुका टाळा

बिट ग्राइंडरवरून उतरवला, टोक चकचकीत, बोटाला टोचतंय, आणि लोखंडावर ठेवला की नुसता चिरकतो, तापतो. कीस काही निघत नाही. अशा वेळी मशीनवर जोर वाढवू नका. धारेच्या मागची बाजू बघा.

कापणाऱ्या कडेपासून मागे जाताना टोकाचा भाग साधारण 8 ते 12 अंशांनी उतरता लागतो, बारीक बिटला त्याहून थोडा जास्त. हा उतार नसेल तर मागचा भागच आधी धातूला टेकतो आणि कड हवेत राहते. सर्वांत जास्त बिट याच कारणानं वाया जातात, कारण पेन्सिलीला टोक करावं तसा बिट चाकावर गोल फिरवला जातो. तसं केलं की छान शंकू तयार होतो. शंकू कापत नाही. उलट उतार फार दिला तर कड पातळ होऊन तिचे टवके उडतात.

तीन मिलिमीटरच्या खाली मी ग्राइंडर वापरूच नये म्हणेन. बिट हँड व्हाइसमध्ये, म्हणजे हातात धरायच्या छोट्या शिकंज्यात, घट्ट पकडा आणि डायमंड कानशीवर किंवा तेलाच्या दगडावर प्रत्येक कडेमागे दोन सपाट पैलू काढा: पहिला 10 अंशांच्या आसपास, त्यामागचा जास्त उतरता. मागचे दोन्ही पैलू बरोबर मध्यावर भेटले की टोक भटकत नाही. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग हवंच. नुसत्या डोळ्यांनी यातलं काही दिसत नाही. एक मिलिमीटरचा साधा बिट मात्र सरळ नवीन घ्या.

भोक बिटपेक्षा मोठं पडतंय, किंवा कीस बिटच्या दोन पीळदार खाचांपैकी एकीतूनच येतोय? दोन कडांची लांबी किंवा कोन सारखा नाही. भंगार पट्टीवर भोक पाडून त्याच बिटचा दांडा आत घाला, खुळखुळला तर लांब कड थोडी घासा. नेहमीच्या बिटचा टोकाचा कोन 118 अंश असतो. एकाच मापाचे दोन षटकोनी नट बाजूला बाजू भिडवून ठेवले की मधल्या खाचेचा कोन 120 अंश होतो. टोक त्यात बसवून बघा, तेवढा अंदाज पुरतो.

बिट निळा पडला म्हणून फेकू नका. हाय स्पीड स्टील तेवढ्या उष्णतेनं मऊ पडत नाही, स्वस्त कार्बन स्टील मात्र पडतं. खरी चूक पुढची: तापलेला हाय स्पीड स्टीलचा बिट पाण्यात बुचकळणं. त्यानं कडेला न दिसणाऱ्या चिरा जातात. चाकाला क्षणभर टेकवा, उचला, थंड होऊ द्या.

कार्बाइडचे (स्टीलपेक्षा खूप कठीण पदार्थाचे) बिट, म्हणजे सर्किट बोर्डाचे 0.8 मिलिमीटरवाले, ग्राइंडरच्या नेहमीच्या करड्या चाकावर नेऊ नका. ते तिथे घासले जात नाहीत, शिवाय त्यांची धूळ फुप्फुसांना वाईट.

धार लावत लावत बिट आखूड होत गेला की दोन खाचांमधला गाभा टोकाशी जाड होतो आणि दाब जास्त लागतो. टोकाजवळ गाभा थोडा पातळ करा.

पितळ आणि ॲक्रिलिकला उलटा न्याय आहे. ताजी धार त्यात एकदम घुसते आणि काम हातातून खेचून नेते. त्यासाठी एका जुन्या बिटच्या कडेचा पुढचा, खाचेकडचा भाग दगडावर किंचित सपाट करा आणि दांड्यावर रंगाचा ठिपका देऊन वेगळा ठेवा. लोखंडात तो नीट चालणार नाही.