निंबोळी अर्क फवारला, तरी अळी जिवंतच? या चुका टाळा

काटोल, कळमेश्वर, उमरेडकडे सोयाबीनवर पानं खाणारी स्पोडोप्टेरा अळी दिसली की 5 टक्के निंबोळी अर्क मारतात. दुसऱ्या दिवशी अळ्या वळवळतातच, मग अर्काला नावं ठेवून रासायनिक औषध आणलं जातं. घाई इथेच नडते.

कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन हे द्रव्य अळीला जागीच मारत नाही. आधी चवीनंच तिचं खाणं तुटतं. पोटात गेलेल्या अंशामुळे पचन बिघडतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. शिवाय कात टाकायला लागणारं संप्रेरक वेळेवर सुटत नाही, म्हणून ती जुन्या कातीत अडकून मरते. याला बरेच दिवस लागतात. मेलेल्या अळ्या मोजू नका. 10 झाडांना खुणेसाठी सुतळी बांधा आणि तिसऱ्या, पाचव्या, सातव्या दिवशी पानांवरची नवी छिद्रं व ताजी विष्ठा बघा. ती घटली, तर अर्क लागू पडला.

उशीर ही दुसरी चूक. पानाचा हिरवा भाग खरवडला जाऊन ते जाळीदार दिसतं, तेव्हा अळ्या लहान आणि घोळक्यात असतात. फवारायची वेळ तीच. बोटाएवढी झालेली अळी अर्काला दाद देत नाही. कपाशीत बोंडाच्या आत शिरलेल्या गुलाबी बोंडअळीपर्यंत तर तो पोचतच नाही.

बनवताना सर्वात जास्त बिघडतं. जून-जुलैत पडलेल्या निंबोळ्या गर काढून सावलीत वाळवा. बुरशी आलेल्या, काळ्या पडलेल्या टाकून द्या. वाळलेल्या बिया भरडून 5 किलो भरडा 10 लिटर थंड पाण्यात रात्रभर भिजवा. अर्क लवकर उतरावा म्हणून उकळू नका, उष्णतेनं अझाडिरॅक्टिन मोडतं. सकाळी फडक्यातून पिळून गाळा, नाहीतर नोझल तुंबतो. एकूण 100 लिटर करा. 200 ग्रॅम साबणचुरा वेगळ्या लिटरभर पाण्यात विरघळवून शेवटी घाला. तो नसेल तर थेंब पानावरून घरंगळतात. बोअरच्या पाण्याचा सामू (pH) 8 च्या वर असेल तर दुसरं पाणी घ्या, अल्कधर्मी पाण्यात हे द्रव्य लवकर नष्ट होतं.

उन्हातही ते टिकत नाही, म्हणून संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूनंही फवारा. उरलेला अर्क उद्यासाठी ठेवू नका.

शंका असेल तर दोन बरण्या घ्या. दोन्हींत सारख्या आकाराच्या 5 लहान अळ्या. एकीत फवारलेली पानं, दुसरीत साधी. देठाला ओला कापूस गुंडाळा, तोंडाला मलमल बांधा, पानं रोज बदला. चार-पाच दिवसांत अळ्यांच्या आकारातला फरक दिसला नाही, तर दोष निंबोळीत किंवा पाण्यात शोधा.