घरात हिमोफिलिया आहे? मुलींची तपासणी अशी करा
माझ्या भावाला हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार. कळव्याच्या चाळीत त्याच्या सुजलेल्या गुडघ्यावर बर्फ धरतच मी मोठी झाले, म्हणून कळकळीने सांगते.

आधी वहीत वंशावळ काढा. आईकडच्यांना खोदून विचारा: मामा, मावसभाऊ, दात काढल्यावर रक्त न थांबलेलं कुणी. हिमोफिलिया असलेल्या बापाची प्रत्येक मुलगी वाहक असतेच (सदोष जनुक तिच्यात असतं आणि ते मुलांकडे जाऊ शकतं), म्हणजे माझी भाचीही. वाहक आईच्या मुलीला शक्यता निम्मी.

मग फॅक्टर आठची, म्हणजे या आजारात कमी पडणाऱ्या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाची, तपासणी. ती नॉर्मल आली म्हणून सुटलो समजू नका. माझी नॉर्मल होती, तरी जनुक तपासणीत मी वाहक निघाले. त्या तपासणीत आधी रुग्णाचं रक्त द्यावं. त्याच्यातला दोष सापडला की बायकांमध्ये नेमका तोच शोधता येतो. आम्ही भावाला घेऊन स्लो लोकलने परळला, केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत गेलो होतो.

हे सगळं दिवस जाण्याआधी उरका. गरोदरपणात फॅक्टर आठ वाढतो, आकडा फसवतो. आणि पाळीत खूप अंगावर जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. आमची आई ते आयुष्यभर लपवत राहिली.