सोलर हीटर विकताय? तक्रार कोटेशनपासूनच सुरू होते, या चुका टाळा

पुण्यात सहकारनगरमध्ये एकाच इमारतीच्या गच्चीवर मी पाणी तापवायचे दोन सोलर बसवले. दोन्ही २०० लिटरचे, एकाच कंपनीचे, तोंड दक्षिणेला. तळमजल्यावरच्या काकू दर दिवाळीला चिवड्याचा डबा पाठवतात. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी जुलैमध्ये फोन करून सुनावलं, "फसवलंत तुम्ही मला."

गंमत म्हणजे पाइप काकूंचा लांब. पाऊण इंची पाइप २० मीटर असेल तर त्यात पाचेक लिटर पाणी मावतं, आणि रात्रभरात ते गार होतं. म्हणजे काकूंना रोज सकाळी पहिली पाव बादली गारच मिळते. पण ते मी बसवतानाच सांगितलं होतं, आणि त्या ते पाणी भांड्यांना वापरतात. काकांच्या हातात मात्र मी रंगीत पत्रक ठेवलं होतं: 'बाराही महिने, चोवीस तास गरम पाणी'.

रिचर्ड ऑलिव्हर या अमेरिकी अभ्यासकाने १९८० मध्ये हेच शास्त्रशुद्ध मांडलं. घेताना मनात काय धरलं होतं आणि हातात काय पडलं, या दोन्हींतल्या फरकावर समाधान ठरतं. माझी पहिली चूक ते पत्रक. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्याच दिलेली आहे, त्यामुळे 'सगळेच असं छापतात' हे कारण पुढे करू नका. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाच्या आठवडा ऊन दिसत नाही. तेव्हा टाकीतली विजेची कॉईल लावावी लागेल आणि वीज लागेल, हे पैसे घेण्याआधी सांगायचं.

पहिल्या आंघोळीची घाई

सोलर संध्याकाळी बसतो, टाकी भरते आणि घरातले दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हौसेने नळ सोडतात. पाणी गार. रात्री ऊन कुठून येणार? पण पहिलाच अनुभव नासतो आणि पुढे वर्षभर त्या घरात पाणी 'जरा कोमटच' असतं. "परवा सकाळी बघा" एवढं सांगून निघालात तरी पुरे.

"चार माणसांना पुरेल"

हे वाक्य मे महिन्यात खरं असतं, डिसेंबरमध्ये अर्धवट. साधा हिशोब बघा. टाकीतलं पाणी ६० अंश आणि आंघोळीला हवं ४० अंश. मे महिन्यात नळाचं पाणी २८ अंश धरलं, तर २० लिटरच्या बादलीत गरम पाणी साडेसात लिटर लागतं. डिसेंबरमध्ये नळाचं पाणी १८ अंशांवर आलं की तेच साडेदहा लिटर होतं. ऊन लख्ख, सोलर ठणठणीत, तरी चौथ्या माणसाला पाणी कमी पडतं. गिऱ्हाइकाला वाटतं सोलर बिघडला. माझ्याकडे या तक्रारी सर्वांत जास्त येतात, आणि दुरुस्त करण्यासारखं तिथे काहीच नसतं.

सोलरमुळे मिळणाऱ्या मिळकतकरातल्या सवलतीचंही तसंच. ती घरबसल्या आपोआप बिलात उतरेल असं भासवू नका.

कमी सांगण्याचा अतिरेक

पोळल्यावर मी काही महिने उलटं केलं: "पाणी तापलं तर तापलं." दोन ऑर्डरी गेल्या, आणि ज्यांनी घेतला तेही चाचपडत वापरू लागले. अपेक्षा अनुभवावरही परिणाम करते. चांगलं मिळणार असं मनात असलं तर माणूस थोडी उणीव सांभाळून घेतो. दरी मोठी असली तर मात्र तीच उणीव दुप्पट बोचते. तेव्हा खरा आकडा सांगा, भीती घालू नका.

तक्रार आल्यावर

"सांगितलं होतं ना तुम्हाला" हे वाक्य गिळा. काकांना मी फोनवर "ढग आहेत, मी काय करू?" म्हणालो होतो. तीही चूकच. शेवटी घरी गेलो आणि विचारलं, "तुम्हाला किती गरम हवं होतं?" काकांनी वहीच काढली. रोजची वेळ, रोजचं तापमान, बादलीत थर्मामीटर बुडवून घेतलेलं! त्यात कोरड्या, उन्हाच्या दिवसांचे आकडेही कमीच होते. म्हणजे सगळा दोष ढगांचा नव्हता. शोधलं तर बाथरूमच्या मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे आणि पुढे हँडशॉवरचं बटण बंद. गार पाणी आतल्या आत गरम लाइनमध्ये शिरत होतं. पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकला आणि प्रश्न मिटला. वाद घालत बसलो असतो तर हे कळलंच नसतं.

आता माझ्या कोटेशनच्या तळाशी चार ओळी असतात: पहिली पाव बादली, पावसाळ्यातली कॉईल, डिसेंबरचा हिशोब, परवाची आंघोळ. त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका काकांनी लाल पेनाने दुरुस्त करून दिल्या.